बाहेरच्या खोलीतली खाट

माझ्या नवऱ्याला दारू नाही, विडी नाही, पत्ते नाहीत, दुसरी बाई नाही. आमच्या घरांच्या ओळीतल्या बायका मला म्हणायच्या, "नशीब काढलंस बाई." मी म्हणायचे, "घेऊन जा मग, आजच घेऊन जा." त्या हसायच्या. त्यांना वाटायचं मी थट्टा करते. थट्टा कसली डोंबलाची!

ह्यांना एकच व्यसन होतं, पैसा साठवायचं. दारुड्याची बायको निदान चारचौघांत रडू तरी शकते. साठवणाऱ्याच्या बायकोनं कुणापुढं रडायचं? लोक उलट तिलाच नावं ठेवतात, की बघा, एवढा सरळमार्गी नवरा मिळाला तरी हिची कुरकुर चालूच.

मी घाटावरची, कराडकडची. लग्न करून बोईसरला आले तेव्हा हे तारापूरच्या वसाहतीत एका कापडाच्या कारखान्यात लूमवर होते. काही वर्षं भाड्याच्या खोलीत काढली आणि ऐंशीच्या सुमारास ह्यांनी पतपेढीचं कर्ज काढून स्वतःचं घर घेतलं. दोनच खोल्या. बाहेरची ऐसपैस, तिला रस्त्याकडं खिडकी. आत स्वयंपाकघर, एवढंसं, त्यातच मोरी. आमची मुलगी तेव्हा नुकती पावलं टाकायला लागली होती. एकुलती एक, आणि आवाज म्हणजे काय! भाड्याच्या खोलीत ती रडायला लागली की पलीकडच्या गल्लीतून विचारायला यायचे, पोरीला काय चावलं म्हणून. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली मी तिची जागासुद्धा ठरवून टाकली होती. तिथं तिची गादी, तिथं तिची खेळणी, मोठी झाली की तिथंच अभ्यास.

राहायला गेलो त्याच आठवड्यात ह्यांनी बाहेरच्या खोलीत एक लोखंडी खाट आणून टाकली. मला वाटलं आपल्यासाठी. खुळीच मी! ती खाट ह्यांनी भाड्यानं दिली.

खोली नव्हे, खाट. बोईसरला तेव्हा ते सर्रास चालायचं. कारखाने तीन पाळ्यांत, माणसं लांबलांबून आलेली, एकटी, राहायला जागा नाही. मग एकाच खाटेवर तिघं ठेवायचे. एक पहिल्या पाळीचा, एक दुसरीचा, एक रातपाळीचा. एक उठून कामावर गेला की दुसरा येऊन त्याच चादरीवर आडवा. पाळ्या बदलायच्या, पण तिघांच्या एकदमच बदलायच्या, त्यामुळं खाटेवरून भांडण नाही. ह्यांना त्या युक्तीचं कोण कौतुक! "अगं, एक खाट आणि तीन भाडी. घराचा हप्ता घरच भरतंय." वर त्या तिघांच्या जेवणाचे डबे माझ्या गळ्यात. वर्ष सरलं नाही तोच दुसरी खाट आली.

आणि ज्यांचं घर, ते तिघं स्वयंपाकघरात. रात्री शेगडी भिंतीला सरकवायची तेव्हा कुठं तीन अंथरुणं मावायची. मी एकदा विचारलं, "असं किती दिवस?" हे म्हणाले, "हप्ते संपू देत, मग बघू. बाहेरची खोली मग तुझ्या पोरीचीच की." माझी पोर! जशी मी माहेराहून घेऊन आले होते.

तिथं मी गप्प बसायला नको होतं, पण खरी गप्प बसण्याची गोष्ट तर पुढंच आहे. त्या खाटांवर दिवसाच्या कुठल्याही वेळी कुणीतरी झोपलेलं असायचं. रातपाळी करून आलेला माणूस दहा वाजता उठवला तर शिव्याच देणार, आणि दोनदा उठवला तर दुसरीकडं खाट बघणार. म्हणून ह्यांचा नियम, घरात आवाज नको. मी कुकर वापरायचा बंद केला, शिट्टीनं माणसं उठतात. डाळ पातेल्यात शिजवायला लागले तर रॉकेल जास्त जळतं म्हणून हेच माझ्यावर ओरडले, तेसुद्धा कुजबुजत. रेडिओ कपाटावर. मोरीत भांडी घासताना खाली गोणपाट. पोरीच्या पैंजणांची घुंगरं मी चिमट्यानं काढून टाकली. ती धावली, शूऽऽ. हसली, शूऽऽ. पडली, गुडघा फुटला, तोंड उघडणार तेवढ्यात माझा हात तिच्या तोंडावर. हे कारखान्यात, आणि घरी राखणदार कोण, तर मी. अंगाचा नुसता जळफळाट व्हायचा. थोड्याच दिवसांत असं झालं की मी चुकून झारा खाली पाडला, तर ती एवढीशी पोर ओठांवर बोट ठेवून मलाच गप्प करायची. भाडेकरूंतला एक यूपीचा होता, स्वभावानं बरा. तो ह्यांना म्हणाला, "क्या बच्ची है भाईसाहब, घर में है पता ही नहीं चलता." हे खूष. मला मात्र ती खाट उचलून त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली.

आमच्याकडं म्हावरं, म्हणजे मासळी, विकायला एक मावशी यायची, किनाऱ्यावरच्या गावातनं. टोपली डोक्यावर आणि आवाज असा की ओळीच्या त्या टोकाला आली तरी मांजरं जागी. मी फाटकाशी पळत जायचे, "मावशी, हळू, आत माणसं झोपलीत." पहिल्यांदा तिनं ऐकून घेतलं. मग एक दिवस तिनं टोपलीच खाली ठेवली. "आरडल्याबिगर म्हावरं खपतं काय गो? रोज येते तं रोज कोनतरी निजलेलं. घर हाय का इस्पितल?" माझ्या पदराला धरून पोर उभी होती. तिच्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "नि ही पोर बोलत कशी नाय? जीभ हाय ना तुला?" पोरीनं ओठांवर बोट ठेवलं. मावशीनं माझ्याकडं असं बघितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पहिलीत घातल्यावर बाईंनी मला शाळेत बोलावून घेतलं. म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे, लिहिते छान, पण कविता म्हणायला उभी केली की नुसते ओठ हलतात. ऐकूच येत नाही." मी म्हटलं, लाजत असेल. बाई म्हणाल्या, "लाजत नाही हो. पहिल्याच दिवशी माझ्या कानाशी येऊन विचारलं, बाई, इथले रातपाळीवाले कुठं झोपतात?" बाईंना ते फार गोड वाटलं होतं. मी हसले बाई त्यांच्यासमोर, आणि शाळेच्या फाटकाबाहेर येऊन रस्त्याच्या कडेला बसले.

ह्यांना न विचारता तिला पालघरला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी घसा बघितला, आऽ करायला लावलं. घसा ठणठणीत. "घरात बोलू द्या तिला, खेळू द्या, ओरडू द्या," एवढंच म्हणाले. घरी आल्यावर मी तेच ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "एवढं सांगायला फी घेतली?"

मी भांडले. नाही असं नाही. पण ज्या घरात ओरडता येत नाही तिथं भांडायचं कसं? दात-ओठ खाऊन, कुजबुजत, रॉकेलच्या शेगडीसमोर उकिडवं बसून? निम्मा राग तिथंच विझतो. आणि ह्यांचं उत्तर तयार. नवीन फ्रॉक, हप्ते संपू देत, मग बघू. दिवाळीत कराडला जाऊया, हप्ते संपू देत. चिंचणीचा समुद्र सायकलवर जाण्यासारखा, पोरीला एकदा लाटा दाखवून आणा म्हटलं, तर सुट्टीच्या दिवशी ह्यांचा ओव्हरटाइम. तिकडं कारखान्यात पोस्टातली रिकरिंग, विम्याचा हप्ता, सोनं कधी घ्यावं, सगळ्यांना सल्ले देत फिरायचे. लोक ह्यांना मानायचे हो! माझं ऐकणारं कोण होतं?

एक सांगते, हे स्वतःवरही खर्च करत नव्हते. लूमच्या खात्यात धडधड अशी की माणसाला माणसाच्या कानात ओरडून बोलावं लागतं. कधीकधी सलग दोन पाळ्या तिथंच. पुढंपुढं घरी आले की मी बोललेलं दोनदा सांगायला लागायचं. मी म्हटलं, कान दाखवून या. तर हे म्हणाले, "तूच पुटपुटतेस." मी पुटपुटते! का पुटपुटते, ते नाही विचारलं.

पोर आठवी-नववीत असताना घराचा शेवटचा हप्ता फिटला. हे कारखान्यातून येताना नारळ घेऊन आले, कर्ज फिटल्याचा कागद देवापुढं ठेवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा चक्क पेढे आणले. पावशेरच, पण आणले. मला भरून आलं. खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी मला ह्यांच्याविषयी माया वाटली. मी पोरीला डोळ्यांनी खुणावलं, आता बघ. तिनंही बाहेरच्या खोलीच्या दाराकडं बघितलं. मनातल्या मनात ती तिथं वह्या-पुस्तकं लावायला लागली असणार, आई आहे मी, मला कळतं.

जेवताना हे म्हणाले, "इथं जवळच, पाम गावात, एक प्लॉट बघितलाय. पतपेढीनं नवीन कर्ज मंजूर केलं. जुनं वेळेवर फेडलं ना, लगेच दिलं." मी घास हातात धरून म्हटलं, "आणि बाहेरची खोली?" हे म्हणाले, "दोन खाटांच्या जोरावर तर घेतोय! ह्याचे हप्ते संपू देत, मग बघू."

पोरीनं मान खाली घालून ताट संपवलं, उठली, आवाज न करता धुऊन ठेवलं. तिनं ताट आपटलं असतं ना, तर मी त्या रात्री शांत झोपले असते.

दुसऱ्या दिवशी हे पहिल्या पाळीला, पोर शाळेत. बाहेरच्या एका खाटेवर रातपाळीवाला घोरत पडलेला, दुसरी रिकामी, तिच्यावरचा गावी गेलेला. मी दारात उभी राहून त्याच्याकडं बघत होते. किती वर्षं बघत होते तशीच. तेवढ्यात ओळीच्या टोकाला मावशीची आरोळी. मी फाटकाशी गेले. ती आपली सवयीनं आवाज खाली घेणार, तर मी म्हटलं, "मावशी, टोपली ठेव आणि आत ये. एक ओझं उचलायचंय." रिकामी खाट आधी बाहेर काढली. मग दुसरी. मावशी म्हणाली, "ह्याच्यावं मानूस हाय गो." मी म्हटलं, "असू दे." मी डोक्याकडून धरली, तिनं पायाकडून. दारातून निघेपर्यंत तो गडी जागा झाला नाही, एवढी झोप! उंबऱ्यावर खाट आपटली तेव्हा धडपडून उठला, "भाभीजी, भूकंप!" म्हणत. मावशी हसता हसता फाटकाला टेकली. अख्खी ओळ बाहेर आली. मी दोन्ही खाटा रस्त्याच्या कडेला लावल्या, त्यांच्या पिशव्या, आरसा, दाढीचं सामान, सगळं वर ठेवलं आणि दार धाडकन लावलं. त्या घरात वाजलेलं ते पहिलं दार. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

पोर शाळेतून आली तर मी खोली झाडून, पुसून बसले होते. तिला मधोमध उभी केली. म्हटलं, "ओरड." ती माझ्याकडं बघायला लागली. "अगं ओरड, कुणी झोपलेलं नाहीये. नाव घे, शिव्या दे, गाणं म्हण, काहीही कर." तिनं तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा दिसल्या. मग तिनं तोंड मिटलं आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "आई, नाही येत." मी तिला कुशीत घेतलं आणि मीच ओरडले. इतकी ओरडले की शेजारीण धावत आली.

ह्यांनी तमाशा केला नाही. भाडं बुडालं म्हणून महिनाभर तोंड पाडून फिरले, आणि मग प्लॉटला कुंपण घालायचं म्हणून कुठूनतरी स्वस्तात सिमेंटची पोती उचलून आणली. ठेवणार कुठं? बाहेरच्या खोलीत. खाट तरी एक वेळ उचलता येते, सिमेंट कोण उचलणार? पावसाळाभर दमट हवेत ते सादळलं, पोत्यांचे दगड झाले, आणि ते वर्षानुवर्षं तिथंच पडून राहिले. पोरीनं दहावी-बारावीचा अभ्यास स्वयंपाकघरातच केला. ते दगड फोडून, वाहून टाकायला ह्यांना मजुरी द्यावी लागली तेव्हा मात्र मी पोटभर हसले, आणि मोठ्यानं हसले.

पुढं पोरीसाठी पालघरचं स्थळ आलं. मुलाची आई म्हणाली, "किती शांत मुलगी! हल्ली अशा मिळत नाहीत." हे अभिमानानं मान डोलवत होते. मी चहाचे कप उचलून आत गेले, नाहीतर काय बोलून बसले असते देव जाणे. मुलगा चांगला निघाला, एवढं माझं नशीब. ती बोलायला लागली की तो पंखा बंद करतो.

लग्नानंतर आमच्याकडं फोन आला. ह्यांना प्लॉटवाल्या दलालांसाठी हवा होता, आणि बाहेरची खोली आता त्या दलालांच्या बसण्याउठण्याची झाली होती. पोर पालघरहून फोन करायची, हे उचलायचे, "हॅलो! हॅलो! मोठ्यानं बोल!" आणि वैतागून माझ्याकडं द्यायचे. ह्यांचं म्हणणं, लाइन खराब आहे. तक्रार केली. लाइनमन आला, तपासून म्हणाला, "लाइन एकदम चांगली आहे." हे त्याच्याशी वाद घालायला लागले, "मग माझ्या मुलीचा आवाज का येत नाही?" तो माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "त्यांनाच विचारा." कारखान्यानं ह्यांचे कान खाल्ले आणि खाटांनी तिचा आवाज, आणि दोन्ही कशापायी, तर एकाच घराच्या हप्त्यापायी. पण ते मान्य करायला हे तयार नव्हते.

मग तिला दिवस गेले. मी भेटायला गेले होते तेव्हा तिनं मला सांगितलं, आणि बजावलं, "आई, बाबांना तू सांगायचं नाहीस. मी सांगणार. आणि विचारणार."

"विचारायचं काय त्यात? पहिलं बाळंतपण माहेरीच असतं."

"ते नाही. बाहेरची खोली मागणार आहे. मला आणि बाळाला. लहानपणी कधी मागितली नाही ना."

तिचा फोन आला तेव्हा मी मुद्दाम ह्यांना उचलायला लावला आणि जवळ उभी राहिले. रिसीव्हरमधून तिचा बारीक आवाज मला येत होता, शब्द नाही, नुसता आवाज. ती थांबून थांबून बोलत होती. हे कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. "हां. हां. बोल." पुन्हा ती बोलली. मी बघत होते, ह्यांना अक्षर कळत नव्हतं, पण ह्या वेळी हे मोठ्यानं बोल म्हणाले नाहीत. लाइनमनसमोर झालेला अपमान लक्षात असणार. हे हसले आणि म्हणाले, "बरं, बरं. हप्ते संपू देत, मग बघू."

ह्यांनी फोन ठेवला.

मी म्हटलं, "काय मागितलं तिनं?"

"काय की. काहीतरी पैशाचंच असणार, दुसरं काय मागतात पोरी?"

मग मी आत जाऊन बॅग काढली. लुगडी भरली, जुन्या मऊ सुती साड्या भरल्या दुपट्यांसाठी, डिंकाच्या लाडवांचा डबा भरला. हे दारात येऊन उभे. "कुठं चाललीस? अगं, किती दिवस? माझ्या डब्याचं काय?"

मी बाहेरच्या खोलीतून जाताना थांबले. खिडकीखाली, जिथं मी एकेकाळी तिची गादी ठरवली होती, तिथं आता ह्यांच्या फोनचं टेबल होतं. मी पोरीच्या आवाजात, अगदी तिच्यासारखंच हळू, म्हटलं, "हप्ते संपू देत, मग बघू."

"काय? काय म्हणालीस? मोठ्यानं बोल की!"

मी चपला घातल्या आणि पालघरची एसटी धरायला निघाले. हे फाटकापर्यंत विचारत आले.